आधी दवाखाना, मग कायदा

मार्च १८७१ मध्ये नेदरलंड्सचे पंतप्रधान योहान थोरबेके यांच्या टपालात सतरा वर्षांच्या एका मुलीचं पत्र होतं. ग्रोनिंगन प्रांतातल्या सापेमेर गावची ही मुलगी, आलेटा याकोब्स. वडील अब्राहम याकोब्स गावचे डॉक्टर, घरात मुलांचा मोठा गोतावळा. औषधनिर्मात्याच्या हाताखाली काम करण्याची परीक्षा ती आदल्याच वर्षी पास झाली होती. आता तिला विद्यापीठात जायचं होतं, तेही डॉक्टर व्हायला. थोरबेकेंनी उत्तर पाठवलं, पण ते मुलीच्या नावाने नाही, वडिलांच्या नावाने. परवानगी मिळाली होती; मात्र एका वर्षापुरती, चाचणी म्हणून.

१६१४ साली स्थापन झालेल्या ग्रोनिंगन विद्यापीठात एप्रिलमध्ये ती दाखल झाली. डच विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. वर्ष संपत आलं तशी तिने पुन्हा लेखणी उचलली. थोरबेके तोवर अंथरुणाला खिळले होते. १८७२ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी परीक्षांना बसण्याची मुभा दिली. कायदेमंडळात चर्चा नाही, ठराव नाही. आजारी मंत्र्याच्या एका सहीवर काम भागलं.  

८ मार्च १८७९ रोजी, मेंदूतल्या व्यापारांच्या स्थाननिश्चितीवर प्रबंध लिहून, आलेटा डॉक्टरेट झाल्या. या तारखेला पुढे महिला दिन साजरा होईल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. त्याच वर्षी त्या लंडनला गेल्या. दोन वर्षांपूर्वी चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल खटला चालला होता आणि त्याची धग अजून विझली नव्हती. थिऑसफी आणि होमरूलच्या बेझंटबाई मराठी वाचकाला परिचयाच्या. त्यांची ही आधीची ओळख मात्र आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही.

परतल्यावर डॉ. याकोब्स यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये दवाखाना थाटला आणि गरीब बायकांना आठवड्यातून दोनदा फुकट तपासायला सुरुवात केली. तिथे आजार कमी आणि बाळंतपणं जास्त दिसू लागली. एक मूल अंगावर पीत असताना दुसरं पोटात, आणि तिसऱ्याच्या वेळी बाई जगेल का, याची डॉक्टरला शंका. अशा बाईला "आता पुरे" एवढं सांगून भागत नव्हतं. कसं, ते सांगायला हवं होतं. एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी फ्लेन्सबुर्गच्या डॉ. मेन्सिंगा यांचा लेख वाचला, पत्रव्यवहार केला आणि त्यांचं साधन मागवून घेतलं. रबराची घुमटी, कडेला स्प्रिंगची गोल तार. दिसायला क्षुल्लक, पण ती दुकानातून नुसती विकत आणून चालत नसे. डॉक्टरने तपासून माप घ्यायचं, त्या मापाची निवडायची, ती कशी बसवायची आणि कशी काढायची हे बाईला शिकवायचं. साधनच असं होतं की त्याला दवाखाना लागणार. १८८२ मध्ये सुरू झालेलं हे काम म्हणजे जगातलं पहिलं संततिनियमन केंद्र, असं पुष्कळ इतिहासकार मानतात. पुढे इंग्लंडमध्ये या घुमटीला लोक 'डच कॅप' म्हणू लागले.

दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला रोगाचं मूळ दवाखान्याबाहेर दिसतं. दुकानांत काम करणाऱ्या मुली दिवसभर उभ्याच असत आणि त्यांची दुखणी त्यातूनच येतात हे याकोब्स यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी या मुलींना बसायला खुर्ची मिळावी म्हणून वर्षानुवर्षं झगडा केला. घुमटी आणि खुर्ची, दोन्ही एकाच तपासणीच्या टेबलावरून निघालेल्या मागण्या.

व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, चर्चमधून टीका झाली. पण कायदा गप्प होता, म्हणून काम चाललं. गर्भपाताची गोष्ट वेगळी. १८८६ च्या दंडसंहितेत तो गुन्हा होता. मात्र गर्भ त्या वेळी जिवंत होता हे सिद्ध करावं लागे आणि तिथे सरकारी वकिलाची पंचाईत व्हायची. ही फट बुजवली १९११ च्या नीतिमत्ता कायद्याने. त्याच कायद्याने गर्भनिरोधक साधनं उघडपणे मांडायला आणि न मागता दाखवायलाही बंदी केली. एकोणतीस वर्षांपूर्वी सुरू झालेलं काम अचानक लपवायची गोष्ट ठरली. त्याच वर्षी डॉ. याकोब्स अमेरिकन मैत्रीण कॅरी चॅपमन कॅट यांच्याबरोबर मताधिकाराच्या प्रचारासाठी जगप्रवासाला निघाल्या, आणि त्या फेरीत भारतातही येऊन गेल्या.

दहा वर्षांनी, १९२१ मध्ये, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. र. धों.चा जन्म १८८२ चा, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅममधल्या त्या कामाच्याच वयाचे. गणिताच्या या प्राध्यापकाला याच कामापायी विल्सन कॉलेजची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक निघू लागलं, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाकडून मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला आणि सभागृहाने तो फेटाळला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये डॉक्टरीणबाईच्या पाठीशी निदान पदवी आणि कामगारांची वस्ती होती. र. धों.च्या पाठीशी पत्नी मालतीबाई, मोजके वर्गणीदार आणि स्वतःचा हट्ट.

डच लोकांनी १९११ च्या कायद्यावर त्यांच्या स्वभावाला साजेसा उपाय काढला. उघड विक्रीला अडथळा ना, मग सभासद व्हा. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हीएसएच या लैंगिक सुधारणा संघटनेची साधनं आणि सल्ला सभासदांना मिळे. साठच्या दशकात सभासदसंख्या दोन लाखांवर गेली. १९६२ मध्ये ओस गावच्या ऑर्गानॉन कंपनीची गोळी बाजारात आली. १९६९ मध्ये बंदी उठवली, तेव्हा उठवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

गर्भपाताच्या बाबतीतही हीच तऱ्हा. कायद्याने गुन्हा असताना १९७१ मध्ये आर्नहेमला पहिलं क्लिनिक उघडलं आणि पाठोपाठ इतर शहरांत. डोळेझाक करण्याची कला डच सरकारला चांगली अवगत आहे. 'डोले मिना' या गटाच्या तरुणी 'आपल्या पोटाच्या मालकीण आपणच' असं उघड्या पोटांवर लिहून फिरल्या. १९७६ च्या मे महिन्यात न्यायमंत्री द्रीस फान आख्त यांनी हेमस्टेडचं ब्लूमेनहोव्ह क्लिनिक बंद पाडायचा घाट घातला, तेव्हा बायका आत जाऊन ठाण मांडून बसल्या आणि न्यायालयानेही मंत्र्यांना साथ दिली नाही. शेवटी कायदा झाला: कनिष्ठ सभागृहात ७६ विरुद्ध ७४, वरिष्ठ सभागृहात १९८१ च्या एप्रिलमध्ये ३८ विरुद्ध ३७. अंमलबजावणी १ नोव्हेंबर १९८४ पासून. क्लिनिकं तोवर तेरा वर्षांची झाली होती.

भारतात गाडी उलट्या बाजूने धावली. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतीलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. ना मोर्चा, ना ठाण मांडून बसलेल्या बायका. सरकारला भोंदूंच्या हातून होणारे मृत्यू थांबवायचे होते आणि लोकसंख्येची चिंताही होतीच. त्यामुळे कायदा लवकर आला, पण त्यात निर्णय डॉक्टरचा. बाईने फक्त संमती द्यायची. साधन निकामी ठरल्याचं कारण तर 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' एवढ्यांनाच लागू होतं. ते शब्द बदलायला २०२१ साल उजाडावं लागलं. अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकीच, चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. कायद्याचं कागदावरचं वय पाहिलं तर आपण डचांच्या दहा वर्षं पुढे. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित डॉक्टर शोधणाऱ्या बाईला हे पुढेपण फारसं उपयोगी पडलेलं नाही.

ग्रोनिंगन आता आपल्या लेकीचं नाव मिरवतं. विद्यापीठाचं भलंमोठं परीक्षागृह तिच्या नावाने आहे, सार्वजनिक आरोग्याची संस्थाही. तिथे आज शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर १९८४ च्या कायद्याची डागडुजी चालू आहे. गर्भपाताआधी पाच दिवस विचार करण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ ला गेली, आणि २०२५ पासून गर्भपाताच्या गोळ्या फॅमिली डॉक्टरही देऊ शकतात. दंडसंहितेतलं कलम मात्र जागच्या जागी आहे: अटी पाळल्या तर शिक्षा नाही, पण मूळ गुन्हा तसाच. ते काढून टाकावं ही मागणी हेगच्या संसदेत अधूनमधून डोकं वर काढते. भारतातही, १८६० ची दंडसंहिता जाऊन २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, तरी गर्भपाताचं कलम ३१२ नुसतं नंबर बदलून ८८ झालं.