शरणपुराहून रबाईकडे

डॉ. लिव्हिंग्स्टन हे 1873 सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले आणि 1874 च्या एप्रिल महिन्यांत लंडन येथील वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत त्यांचें दफन झालें, हें वाक्य आम्ही आमच्या वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों आहोंत. मागील वर्षीं एका विद्यार्थ्यानें मध्येंच उभें राहून विचारलें, "सर, मेल्यावर त्यांना इतक्या लांब आणलें कोणीं?" या मुलाचे आईबाप दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, आमच्या बीड जिल्ह्यांत अशीं घरें हजारोंनीं आहेत. वाहून नेणाराचें नांव विचारावें असें त्याला सुचलें यांत नवल नाहीं. पंचवीस वर्षें शिकवूनहि तें आम्हांला सुचलें नव्हतें, हेंच नवल.

शोध करूं लागल्यावर उत्तर सांपडलें तें आमच्याच नदीच्या वरच्या अंगास. जी गोदावरी गेवराई तालुक्यांत राक्षसभुवनास वळसा घालून पुढें जाते, तिच्याच कांठीं नासिकास शरणपूर नांवाची वस्ती आहे. कुंभमेळ्यास किंवा काळ्या रामाच्या दर्शनास गेलेले आपण सर्वजण शरणपूर रस्त्यावरून जातों. त्या नांवाचा अर्थ विचारण्यास मात्र कोणी थांबत नाहीं. शरण आलेल्यांचें पूर तें शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास ही ख्रिस्ती वसाहत उभारली आणि तेथेंच मुक्त झालेल्या आफ्रिकी मुलांसाठीं आश्रम चालविला. अरबी समुद्रांत इंग्रजी आरमार गुलामांचे पडाव पकडी, त्यांतील मुलें मुंबईच्या बंदरावर उतरविलीं जात, आणि सरकार तीं निरनिराळ्या मिशनांच्या स्वाधीन करी. अशा मुलांना शरणपुरास अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदेहि शिकवीत. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यांना नवीं नांवें मिळत, आणि पुष्कळदां आडनांवहि एखाद्या पाद्य्राचेंच मिळे. सायमन प्राइस, रिचर्ड आयसेनबर्ग हीं नांवें वाचून एखाद्यास तीं युरोपियनांचीं वाटतील. तीं या मुलांचीं आहेत.

दक्षिणेंत आफ्रिकी मनुष्य गुलाम म्हणून यावा, ही गोष्ट आपणांस अपरिचित नाहीं. बीडचा मुलूख ज्या निजामशाहींत मोडत होता, तिचा शेवटचा मोठा कारभारी मलिक अंबर हा हबशी गुलामच होता. पण मलिक अंबर येथेंच राहिला व येथल्या मातीस मिळाला. शरणपूरच्या मुलांची कथा उलट्या दिशेची आहे: तीं ज्या किनाऱ्यावरून नेलीं गेलीं, त्याच किनाऱ्याकडे मिशनचे सेवक म्हणून परत निघालीं.

लिव्हिंग्स्टन 1866 च्या जानेवारींत मुंबईहून झांझिबारास निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते. साहेबांचें त्यांच्याविषयींचें मत सुरवातीस चांगलें नव्हतें. हे ओझें उचलण्यास नाखूष असतात, अशी कुरकूर त्यांनीं आपल्या रोजनिशींत केली आहे. शाळेंत लेखणी व करवत धरावयास शिकविलेल्या मुलांनीं डोक्यावर गाठोडें घेण्यास मागें पाहिलें, यांत दोष कोणाचा, हा प्रश्न आम्हांस तरी सोपा वाटत नाहीं. त्यांतील कांहीं मेले, कांहीं सोडून गेले, कांहीं शेवटपर्यंत टिकले. 1872 सालीं आणखी सहाजण त्यांच्या मदतीस पाठविण्यांत आले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्या सहांतले.

1873 च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. त्यानंतर जें घडलें तें कोणा साहेबाच्या हुकुमानें घडलें नाहीं, कारण हुकूम करणारा साहेबच उरला नव्हता. चुमा आणि सुसी हे जुने सोबती पुढारी झाले. पैकीं चुमा हा मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत राहिलेला होता. सर्वांच्या समक्ष पेट्या उघडून जेकबनें एकेका वस्तूची यादी केली. हें कारकुनी काम आम्हांस या सर्व प्रसंगांतील अत्यंत महत्त्वाचें वाटतें. मालक मेलेला, मुलूख परका, भोंवतीं साठएक माणसें, आणि एक वीसबावीस वर्षांचा तरुण पुढें कोणी चोरीचा आळ घेऊं नये म्हणून शांतपणें हिशेब लिहीत बसला आहे! नंतर मृताचें हृदय व आंतडीं एका झाडाखालीं पुरलीं, जेकबनें इंग्रजी प्रार्थनापुस्तकांतून अंत्यविधि वाचला, आणि त्याच झाडाच्या सालीवर नांव कोरलें. देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हांत वाळविला, मग कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून वर शिडाचें कापड शिवलें.

मग चालणें. समुद्रकांठीं बागामोयोला पोंचेपर्यंत जवळजवळ नऊ महिने लागले. उन्यानयेंबे येथें भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानें प्रेत तेथेंच पुरावें असा सल्ला दिला. यांनीं तो ऐकला नाहीं. पुढें एका गांवाजवळ लोक आपल्या हद्दींतून प्रेत जाऊं देईनात. तेव्हां यांनीं एक युक्ति केली. ज्वारीचीं ताटें कापून त्यांची प्रेताच्या आकाराची मोळी बांधली, आणि पुरण्यासाठीं परत नेत आहों असें भासवून ती मागें पाठविली. खरें प्रेत मात्र कापडाच्या साध्या गठ्ठ्यासारखें बांधून पुढें काढलें. मोळी नेणारांनीं रानांत एकेक ताट फेंकून दिलें व रातोरात ते येऊन मिळाले. आमच्या विद्यार्थ्यांना ज्वारीच्या ताटांची मोळी समजावून सांगावी लागली नाहीं.

जेकब प्रेताबरोबर इंग्लंडास गेला व 18 एप्रिल 1874 रोजीं शवपेटीचा गोंडा धरणाऱ्या आठांत तो एक होता. चुमा व सुसी तेथें पोंचले ते अंत्यविधि उरकल्यावर. समाधीच्या शिळेवर विश्वासू हातांनीं देह आणल्याचा उल्लेख आहे. त्या हातांचीं नांवें नाहींत.

परंतु प्रवास हा अपवाद असतो. मिशनच्या सेवकाचें खरें आयुष्य एका जागीं बसून झिजण्याचें असतें. तें पाहावयाचें तर मोंबासाच्या जवळील डोंगरावर रबाईस गेलें पाहिजे. तेथें रेबमान हे जर्मन पाद्री 1846 पासून ठाण मांडून होते. त्यांना अनुयायी मात्र मोजकेच मिळाले. 1864 सालीं नासिकाहून विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे दोघे सपत्नीक त्यांच्या हाताखालीं गेले. पुढें झांझिबारचा गुलामबाजार 1873 सालीं बंद पडला, आणि प्राइससाहेबांनीं स्वतः जाऊन 1875 सालीं मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत उभारली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नांवावरून तिला फ्रियरटाउन म्हणूं लागले. तेथील घंटेवरून त्या वस्तीस आजहि केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलींत केंगेले म्हणजे घंटा. नासिकची मंडळी मोठ्या संख्येनें तिकडे गेली व शरणपूरचा आफ्रिकी आश्रम ओस पडला.

रबाईचा दिवस प्रार्थनेनें सुरू होई. मग शाळा, मग आजाऱ्यांची विचारपूस, मग घरांचीं व शेतांचीं कामें, आणि दिवसभर भांडणतंट्यांचे निवाडे. उपदेश करणारा, पंतोजी, वैद्य आणि पाटील हीं सर्व कामें एकाच माणसाकडे असत. कांहीं वर्षें तो माणूस जोन्स होता. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रात्रीबेरात्री रबाईस येत. त्यांना थारा देऊं नये, मालकांशीं वितुष्ट नको, असें वरिष्ठांचें धोरण होतें. जो स्वतः लहानपणीं पडावांत कोंबला गेला, त्यानें दारांत आलेल्या गुलामास परत जा म्हणून सांगावयाचें! रबाईस थारा मिळतच राहिला. 1888 सालीं मालकांनीं आपल्या गुलामांची मागणी केली तेव्हां हल्ला होईल अशी वेळ आली. शेवटीं इंग्रज कंपनीच्या मॅकेंझीसाहेबांनीं भरपाई देऊन 1889 च्या पहिल्या दिवशीं सुमारें 1,400 जणांना मुक्ततेचे दाखले दिले. कीर्ति अर्थातच मॅकेंझीसाहेबांची झाली.

1885 सालीं जोन्स व सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनीं पाद्रीपदाची पहिली दीक्षा दिली, आणि त्याच वर्षीं बिशप युगांडाच्या वाटेस लागले तेव्हां जोन्स त्यांच्या तांड्यांत होता. बिशप त्यास बहुतेक माणसांसह मागें ठेवून पुढें गेले व ऑक्टोबरांत मारले गेले. वांचलेले थोडेसे परत आल्यावर तो सारा तांडा शेंकडों मैल सुखरूप माघारीं आणण्याचें काम जोन्सनें केलें. एवढें करूनहि या 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणविणाऱ्या सेवकांना मान व वेतन यांबाबत नव्यानें आलेल्या गोऱ्या पाद्य्रांशीं झगडावें लागलें. गोऱ्यांना ते शेफारलेले वाटत. आसपासच्या आफ्रिकनांनाहि ते परदेशीच वाटत, कारण त्यांचें बाळपण गोदेकांठीं गेलें होतें.

त्यांतील मॅथ्यू वेलिंग्टन हा दीर्घायुषी निघाला. प्रेत वाहून आणणाऱ्यांपैकीं मागें उरलेला हा शेवटला. तो 1935 सालीं मोंबासास वारला.

हें सर्व वर्गांत सांगून झाल्यावर त्याच विद्यार्थ्यानें वहीच्या समासांत नांवें उतरून घेतलीं आणि मान वर करून विचारलें, "सर, पण हीं तर पाद्य्रांनीं ठेवलेलीं. आईबापांनीं ठेवलेलीं कोणतीं?" वेलिंग्टनचें आम्हांस सांगतां आलें. त्याचें नांव चेंगविंबे.