टेकडीवरचा ठिपका
हैदराबादभोवतीच्या टेकड्यांवर मी दर रविवारी हिंडतो. शोधायचं काय? खडकात कोरलेलं वर्तुळ नि मधोमध ठिपका. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय मोजणीची ही खूण. १८१५त बीदरजवळ पायारेषा साखळीनं मोजली गेली. प्रमुख विल्यम लॅम्बटन इथून नागपूरला निघाले, ते १८२३त हिंगणघाटलाच वारले. कबर तिथेच आहे, आपल्या मुलखात!

समोरची टेकडी दुर्बिणीतून दिसावी म्हणून आडवी झाडं तोडत. आता त्याच माथ्यांवर रान माजलंय. गुराखी विचारतो, “नीचे खजाना है क्या साब?” या खजान्यापायीच काही चौथरे उकरले गेलेत. आता खाणीचे सुरुंग जवळ आलेत. पावसाळ्याआधी तीन टेकड्यांवरच्या खुणांचे ठसे कागदावर घ्यायचेत. कोण येतंय?