एका टाकाचे अक्षर

भोरहून महाडकडे जाताना वरंधा घाटाच्या पायथ्याच्या परिसरात शिवथरघळ लागते. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढली. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा अखंड गर्जत असतो. म्हणजे तेथे एकांत आहे, शांतता नाही. मात्र तो आवाज कोणाकडे उत्तर मागत नाही. संगणकावरच्या सूचनेचा नाद क्षीण असला तरी तो मागतो.

दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे असावे, ओळी सरळ असाव्यात आणि सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, अशी त्यात अपेक्षा आहे. लेखनिकाचे चित्त ढळले की ते अक्षराच्या वळणात उमटे. संगणकाच्या पडद्यावर वळण बिघडत नाही. तुटतो तो विचार, आणि कोठे तुटला हे लिहिणाऱ्यालाही चटकन उमगत नाही. म्हणूनच लिहायला बसताना सूचना बंद करणे ही पूर्वीच्या लेखणी तासण्याइतकीच आवश्यक पूर्वतयारी ठरते.