घरी कोंबडी पाळणे आणि पिल्ले काढणे: खर्च, लाभ आणि योजना

योजनेतून मिळालेल्या कोंबड्यांची अंडी घरीच उबवली की पुढच्या वर्षी अर्ज करण्याची गरज नाही, असे अनेक लाभार्थ्यांना वाटते. हे अर्धेच खरे आहे. घरी पिल्ले काढता येतात, पण ती फुकट पडत नाहीत. शिवाय योजनेतल्या कोंबडीच्या पोटी तिच्यासारखीच कोंबडी निघेल, याची खात्री नसते. झाशीच्या सीपरी बाजार भागातील मराठी कुटुंबांना समोर ठेवून हे पान लिहिले आहे. उबवणी आणि खर्चाचा भाग महाराष्ट्रातील वाचकांनाही लागू आहे. योजनांचा भाग शेवटी राज्यवार दिला आहे.

अंगण बंद की मोकळे, हे आधी पाहा

मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गवत, सांडलेले धान्य खाऊन आपले बरेचसे पोट भरते. तिला संध्याकाळी साधारण ५० ग्रॅम दाणे दिले तरी चालते. म्हणजे १० कोंबड्यांना महिन्याला १५ किलो धान्य लागते. सीपरी बाजारसारख्या दाट वस्तीत मात्र कोंबडी गच्चीवर किंवा बंद अंगणात राहते आणि तिचे सगळे खाणे विकत आणावे लागते. गावरान कोंबडी रोज ८० ग्रॅम खाते असे धरले तर वर्षाला सुमारे २९ किलो खाद्य होते. ती वर्षाला ५० ते ७० अंडी देते. म्हणजे एका अंड्यामागे जवळजवळ अर्धा किलो खाद्य गेले. सुधारित जातीची कोंबडी रोज ११० ग्रॅम खाऊन वर्षाला १५० अंडी देत असेल, तर तिला एका अंड्यामागे पाव किलोपेक्षा थोडेच जास्त खाद्य लागते.

त्यामुळे बंद अंगणात केवळ अंड्यांसाठी गावरान कोंबड्यांचा कळप ठेवणे तोट्याचे आहे. तरीही एक-दोन गावरान कोंबड्या घरी असाव्यात. त्यांचे काम पुढे दिले आहे.

अंड्यांवर कोण बसते?

वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या आहेत. कारी निर्भीक आणि कारी श्यामा या बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या. निर्भीकमध्ये असीलचे रक्त आहे, तर श्यामामध्ये कडकनाथचे. या सर्व कोंबड्या रंगाने गावरान दिसतात आणि अंडी जास्त देतात. पण जास्त अंडी देणारी कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी घालणे थांबवून त्यांच्यावर बसत नाही. दुसरी गोष्ट, या संकरित जाती आहेत. त्यांची पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही आणि पिल्लेही एकसारखी निघत नाहीत. वनराजाची पिल्ले घरी काढून "वनराजा" म्हणून विकणाऱ्याकडून ती घेऊ नका.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआची मूळ जात आहे. २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. ती स्वतः अंड्यांवर फारशी बसत नाही, तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. कडकनाथच्या नावावर पैसे दुप्पट करून देण्याच्या आमिषाने २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात हजारो शेतकरी फसले होते. पिल्ले आधी घ्या, मोठी झाल्यावर आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, असे सांगणाऱ्या कोणत्याही कराराला सरकारी योजना समजू नका.

झाशीत अर्ज आणि पावत्या हिंदीत असतात. पिल्लू म्हणजे "चूज़ा", खुराडे म्हणजे "दड़बा" आणि अंडी उबवणे म्हणजे "अंडे सेना". खुडूक कोंबडीला हिंदीत "कुड़क" म्हणतात, तेवढा एक शब्द तरी सहज ओळखता येतो.

उबवणीचे २१ दिवस

अंडे फळलेले हवे. त्यासाठी ८ ते १० कोंबड्यांमागे एक नर लागतो. दुकानात मिळणारी पांढरी अंडी नर नसलेल्या फार्मवरची असतात, त्यांतून पिल्लू निघत नाही. उबवणीची अंडी धुऊ नयेत. तडा गेलेली, फार लहान किंवा फार मोठी अंडी बाजूला काढावीत. ठेवताना निमुळते टोक खाली असावे. थंडीत आठवडाभर साठवलेली अंडी चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नको. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि पुरेशी ऊब नसल्याने मरतो. नंतर दोष मात्र कोंबडीवर जातो.

गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. टोपलीत किंवा जुन्या घमेल्यात राख-माती घालून वर भाताचे तूस किंवा गवत पसरावे आणि ती अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवावी. बसवण्याआधी पंखांखाली उवा-गोचीड आहेत का ते पाहावे, कारण अंगाला खाज असलेली कोंबडी मध्येच उठते. ती दिवसातून एकदाच, १५-२० मिनिटे, खाण्यापिण्यासाठी बाहेर येते. दाणे आणि पाणी जवळच ठेवावे. अंडी ती स्वतःच फिरवते. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे बॅटरी धरून पाहावे. आत कोळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे चांगले. ते स्वच्छ, रिकामे दिसले तर काढून घ्यावे.

यंत्रात अंडी ठेवणार असाल तर तापमान ३७.५ ते ३७.८ अंश, आर्द्रता पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ टक्क्यांच्या वर असावी. १८ व्या दिवशी अंडी फिरवणे बंद करावे. वीज तासभर गेली तर झाकण न उघडता वरून गोधडी टाकावी, एवढ्याने नुकसान होत नाही. खरी अडचण मे-जूनमध्ये येते. झाशीत पारा ४५ अंशांवर जातो. घरगुती यंत्र अंडी तापवू शकते, गार करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असतील तर यंत्राच्या आत त्याहून कमी तापमान राहणार नाही आणि सगळी अंडी वाया जातील. एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत झाशीत उबवणी करू नये. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य, आणि पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले.

१९ व्या किंवा २० व्या दिवशी अंडे कानाशी धरले तर आतून बारीक चिवचिव ऐकू येते. कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते, आणि पिल्लू कवच फोडायच्या आधीच दोघांची ओळख होते. कोणत्याही योजनेच्या लाभात हे मोजलेले नाही, पण घरात मूल असेल तर त्याला ही संधी जरूर द्यावी. फक्त कवच सोलून पिल्लाला बाहेर काढण्याची घाई त्याला करू देऊ नये, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. बाहेर आलेले पिल्लू अंड्यातल्या पिवळ्या बलकावर दोन दिवस सहज राहते. पहिल्या तासाला ते खात नाही म्हणून घाबरू नये.

हिशेब अंड्यांत मांडा

दर रोज बदलतात, म्हणून हा हिशेब रुपयांऐवजी अंड्यांत केला आहे. कोंबडीखाली ठेवलेली १२ अंडी तुम्ही विकली नाहीत. २१ दिवस बसणे आणि पुढचे सुमारे दोन महिने पिल्ले सांभाळणे, या काळात ती अंडी देत नाही. म्हणजे किमान आणखी एक फेरी, १२ अंडी, बुडाली. एकूण गुंतवणूक २४ अंडी आणि पिल्लांचे दाणे.

समजा १२ पैकी ९ पिल्ले निघाली आणि मांजर, घार, थंडी व आजार यांत ३ गेली. उरलेल्या ६ पैकी निम्मे नर. ५-६ महिन्यांनी ३ कोंबडे विकता येतील आणि ३ तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरुण माद्या, घरी राहतील. तुमच्या बाजारात एका गावरान कोंबड्याला २४ अंड्यांपेक्षा जास्त किंमत येत असेल, तर पहिल्या कोंबड्यात गुंतवणूक निघाली. दुसऱ्यात पिल्लांचे खाद्य निघते. मात्र सहाऐवजी दोनच पिल्ले जगली तर काही उरत नाही. नफा-तोटा ठरतो तो पहिल्या चार आठवड्यांत.

पहिले चार आठवडे

आई असेल तर ऊब ती देते. योजनेत एक दिवसाची पिल्ले मिळाली असतील तर ऊब तुम्हाला द्यावी लागते आणि तिचा खर्च बहुतेक लोक धरत नाहीत. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी. थंडीत एका पिल्लामागे २ वॅट असा ठोकताळा आहे. ५० पिल्लांना १०० वॅट, दिवसाला २.४ युनिट, तीन आठवड्यांत सुमारे ५० युनिट वीज. बल्ब जुना, तारेचा पिवळा हवा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्ले बल्बखाली ढीग करून बसली तर ऊब कमी आहे, बल्बपासून लांब पळून चोच उघडी ठेवत असतील तर जास्त आहे. सुधारित जातीचे पिल्लू पहिल्या ६ आठवड्यांत १ ते दीड किलो खाद्य खाते.

रात्रीचे खुराडे मजबूत असावे. बारीक जाळी आणि जमिनीपासून उंच तळ हवा. मुंगूस आणि मांजर एका रात्रीत सगळे संपवतात, आणि त्याची भरपाई कोणत्याही अनुदानात नाही.

मानमोडी, देवी आणि लसीची कुपी

राणीखेत हा सर्वांत घातक आजार. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात, कारण कोंबडी मान वाकडी करते. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पहिली लस ५ ते ७ व्या दिवशी, लासोटा २८ व्या दिवसाच्या सुमारास आणि आर टू बी ही लस आठव्या आठवड्यात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. लसीची कुपी बहुधा १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. १२ पिल्लांसाठी पूर्ण कुपी कोणी घेत नाही, म्हणून लस राहून जाते. गल्लीतील चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा आणि एक कुपी वाटून घ्यावी. ती बर्फात आणावी.

बर्ड फ्लू भारतात प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. अशा वेळी सरकार बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करते आणि त्यांची भरपाई देते. ती प्रशासनाने मारलेल्या पक्ष्यांसाठी असते, आधीच आजाराने मेलेल्यांसाठी नाही. एकाच वेळी अनेक पक्षी मरू लागले तर लपवू नका. पुरून टाकून गप्प बसलेल्या कुटुंबाला पुढे काहीच मिळत नाही.

कोणती योजना कोणासाठी?

राष्ट्रीय पशुधन अभियानातील "५० टक्के अनुदान, २५ लाखांपर्यंत" ही जाहिरात सर्वांत जास्त फिरते. ती घरगुती कोंबडीपालनासाठी नाही. त्यात किमान १,००० माद्या आणि १०० नरांचा पैदास फार्म, उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढवण्याचे युनिट उभारावे लागते. जमीन, बँकेचे कर्ज किंवा स्वतःचा हिस्सा दाखवावा लागतो आणि अनुदान दोन हप्त्यांत येते. १० कोंबड्यांसाठी हा अर्ज भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

उत्तर प्रदेशात पशुपालन विभागाची "बैकयार्ड पोल्ट्री" योजना अनुसूचित जातीच्या गरीब कुटुंबांसाठी आहे. किती पिल्ले आणि किती लाभार्थी, हे त्या वर्षीच्या मंजुरीवर ठरते. चौकशी झाशीच्या मुख्य पशु चिकित्साधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या पशु चिकित्सालयात करावी. सीपरी बाजार महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे शहरातला पत्ता चालतो का, हे अर्ज भरण्याआधी विचारा. प्रशिक्षणासाठी भरारी येथील कृषी विज्ञान केंद्र आहे.

महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर दोनपैकी एक गट मिळतो: एक दिवसाची १०० पिल्ले, किंवा २५ तलंगा आणि ३ नर. ज्यांच्याकडे ऊब देण्याची सोय नाही त्यांनी दुसरा गट मागावा. पिल्लांची संख्या कमी दिसते, पण जगवण्याचा सर्वांत अवघड काळ दुसऱ्याने पार पाडलेला असतो.

खाद्य, औषध आणि विजेसाठी खेळते भांडवल हवे असेल तर किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून कुक्कुटपालनालाही लागू आहे. २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ७ टक्के व्याज असते, वेळेवर फेडल्यास ३ टक्के सूट मिळून ते ४ टक्के पडते. खुराडे किंवा लहान यंत्रासाठी मुद्रा योजनेचे ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज मागता येते. कार्डासाठी बँकेत जाताना कोंबड्यांची संख्या खरी सांगा, कर्जाची मर्यादा त्यावरून ठरते.

पक्षी आजारी पडल्यास १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलावता येतो. फोनवर पक्ष्यांचे वय, किती मेले आणि शेवटची लस कधी दिली, हे विचारले जाते. लसीची तारीख खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावी.