नरक्या की अमृता?

मंडळी, आमच्या कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या जंगलात एक लहानसे झाड आढळते. फुले आली की घाण वास सुटतो, म्हणून नाव पडले नरक्या. शास्त्रीय जुने नाव 'मॅपिया फीटिडा', त्याचाही अर्थ दुर्गंधी असाच. पण लोक यालाच अमृता असेही म्हणतात. हे दुसरे नाव खरे ठरले ते असे.

आपल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेले. तिथे मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडाच्या खोडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. (टॅक्सॉल हे दुसरे प्रसिद्ध औषधही याच जोडीचे, १९७१ चे.) कर्करोगावर आशा वाटली, पण रुग्णांना त्याचा त्रास फार होऊ लागला आणि १९७२ च्या सुमारास चाचण्या थांबल्या.

योगायोग पाहा! त्याच १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले की, तेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे.

पुढे १९८५ मध्ये त्याचे काम कसे चालते ते कळले. पेशी वाढताना डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी एक धागा कापून पुन्हा जोडावा लागतो. हे करणाऱ्या विकराला कॅम्प्टोथेसिन मध्येच अडकवून ठेवते. जोड लागत नाही, पेशी मरते. मग रेणूत थोडे फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर.

कीर्ती झाली आणि झाडाचे ग्रह फिरले. कुऱ्हाडी चालल्या. नरक्याच्या तस्करीच्या बातम्या आमच्याकडच्या पेपरात अनेकदा आल्या. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी येते, नफा दूर कुठेतरी जातो, आणि डोंगर मात्र आपला उघडा पडतो. रोपे लावून शेती करता येते, प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनही होते. वाट आहे, धीर हवा.

एक सांगून ठेवतो. नरक्याची साल उकळून पिणे हा उपचार नव्हे. मूळ द्रव्य विषारी आहे, औषध व्हायला तीस वर्षे लागली. विषाचे अमृत करायला माणसाने एवढा वेळ घेतला. झाड संपवायला तेवढाही लागणार नाही.

असो. आपल्या भागात याला काय म्हणतात, जरूर कळवा.