सोबतची केबल : विजेच्या मोटारीच्या एका सुट्या भागाचा इतिहास

विजेच्या मोटारीची चार्जिंग केबल सुरुवातीच्या काळात बहुतेक गॅरेजच्या मालकीची असे. १९०० च्या आसपास न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन अशा शहरांत धावणाऱ्या विजेच्या गाड्या रात्री सार्वजनिक गॅरेजात उभ्या राहत आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डापासून आलेली जाड तार तिथला कामगार त्यांना जोडत असे. बॅटरीला डीसी वीज लागते, पण अनेक घरांत एसी वीज पोचत होती. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर तयार केला आणि घरी चार्जिंग करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या केबलमध्ये तांब्याच्या दोन तारा, त्यांवर रबर आणि टोकाला प्लग, एवढेच असे. टोक झिजले की तेवढा तुकडा कापून तार पुन्हा स्क्रूखाली आवळायची, की दुरुस्ती झाली. धोकाही तितकाच उघडा होता. गाडीपासून सुटलेल्या प्लगमध्ये वीज असू शके आणि सांभाळणारा माणूस जाणकार आहे, या भरवशावर सगळे चाले.

१९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, पेट्रोल गाडीचे हँडल फिरवण्याचे कष्ट संपले आणि विजेची मोटार हळूहळू मागे पडली. ब्रिटनमध्ये दूध पोचवणाऱ्या विजेच्या गाड्या मात्र पुढे अनेक दशके चालल्या. त्यांचे चार्जिंग डेपोतच होई, म्हणून केबलची देखभालही डेपोतल्या वायरमनकडेच राहिली.

केबल सामान्य मालकाच्या हाती जाण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो कॅलिफोर्नियात. १९९० मध्ये तिथल्या हवा संसाधन मंडळाने शून्य-उत्सर्जन गाड्यांचा नियम केला. आता पावसात, ओल्या हातांनी, विजेची काहीच माहिती नसलेला माणूस रोज प्लग लावणार होता. जनरल मोटर्सने १९९६ च्या ईव्ही-१ गाडीसाठी धातूचा स्पर्शच टाळणारा पर्याय निवडला. प्लास्टिकचा चपटा पॅडल गाडीच्या खाचेत सरकवायचा आणि चुंबकीय क्षेत्रातून वीज आत जायची. २००१ मध्ये मंडळाने पिनांच्या थेट जोडणीच्या बाजूने निर्णय दिला आणि पॅडल इतिहासजमा झाला. त्याने पुढे आणलेली सुरक्षेची अपेक्षा मात्र टिकून राहिली.

ती अपेक्षा ‘जे१७७२’ या अमेरिकी मानकाने पुरी केली. त्याचा आजचा गोल, पाच पिनांचा प्लग २०१० मध्ये आला. दोन पिना विजेच्या, एक अर्थिंगची आणि दोन नुसत्या संकेतांच्या. यांपैकी ‘पायलट’ तारेवर चार्जिंगचे उपकरण आधी १२ व्होल्टचा दाब ठेवते. गाडी जोडली की तिच्यातल्या रेझिस्टरमुळे तो ९ वर येतो आणि गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ वर. त्यानंतरच रिले हा स्विच जोडला जाऊन मुख्य तारांत वीज येते. किती प्रवाह घ्यायचा तेही हीच तार सांगते. सेकंदाला हजार वेळा चढणारा-उतरणारा संकेत प्रत्येक आवर्तनात २० टक्के वेळ वर राहिला तर १२ अँपिअर, ५० टक्के राहिला तर ३० अँपिअर. प्लग उपसण्यासाठी खटका दाबला की दुसरी संकेत-तार गाडीला कळवते आणि पिना सुटण्याआधी प्रवाह थांबतो. इतकी साधी, इतकी नेमकी योजना विद्युत अभियांत्रिकीत क्वचितच सापडते.

ही योजना घरच्या साध्या सॉकेटवर चालवायची तर रिले, विजेची गळती ओळखणारे मंडल आणि पायलटचा संकेत हे सगळे केबलवरच बसवावे लागते. म्हणून गाडीसोबत मिळणाऱ्या, म्हणजेच ‘सोबतच्या’ केबलच्या मधोमध किंवा प्लगजवळ एक डबी आली. २०१६ मध्ये अशा केबलसाठी आयईसी ६२७५२ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. डबी पाण्यापासून आणि आपटण्यापासून वाचवायची म्हणून ती सीलबंद झाली, टोकांचे प्लग साच्यात ओतलेले आले आणि दुरुस्ती करणाऱ्याचा स्क्रूड्रायव्हर बाहेरच राहिला. केबल बिघडली की पूर्ण बदलायची, हा रिवाज इथून पडला.

बिघाड मात्र बहुतेक वेळा डबीत नसतो. प्लगच्या मानेशी रोज वाकणारी तार तुटते, त्यातही पायलटची बारीक तार आधी. सॉकेटमध्ये पिन सैल बसली की तिथला रोध वाढतो, पिन तापते, काळी पडते, प्लास्टिक वितळते. मार्च २०१२ मध्ये जनरल मोटर्सने व्होल्ट गाडीच्या सुमारे ९,५०० मालकांना १२० व्होल्टच्या केबल बदलून देऊ केल्या, त्या तापण्याच्या तक्रारींमुळेच. टेस्लाची केबल वेगळ्या विचाराने बनली होती. तिचे भिंतीकडचे टोक सुटे होते. जानेवारी २०१४ मध्ये २९,२२२ मॉडेल-एस गाड्यांबाबत दोष दुरुस्तीची मोहीम निघाली तेव्हा पूर्ण केबल परत मागवावी लागली नाही. तापल्यावर स्वतः तुटणारा फ्यूज असलेले नवे टोक मालकांकडे पाठवले गेले आणि प्रवाहात चढउतार दिसताच गाडीने तो कमी करावा अशी सुधारणा सॉफ्टवेअरमध्ये झाली. झिजणारा भाग सुटा आणि जिवाला जपणारा भाग सीलबंद, ही विभागणी सुरक्षितता व दुरुस्ती दोन्हींना न्याय देते. ती सर्वांनी का उचलली नाही, याला खर्चाखेरीज पटणारे कारण दिसत नाही.

भारतात २००१ मध्ये बंगळूरहून आलेली रेवा ही विजेची मोटार १५ अँपिअरच्या घरगुती सॉकेटवर चार्ज होई. जानेवारी २०२० मध्ये विक्रीला आलेली, पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्हीही १५ अँपिअरची सोबतची केबल घेऊन आली. गीझर त्या सॉकेटवर थोडा वेळ चालतो, गाडी मात्र रात्रभर. त्यामुळे नवी केबल आणूनही जुने सैल सॉकेट तेच ठेवले, तर नव्या केबलचा प्लग पुन्हा जळतो. केबल बदलताना सॉकेट, त्याच्यामागची वायर आणि अर्थिंग तपासणे हा त्याच कामाचा भाग आहे.

दुरुस्तीची वाट पूर्ण बंद झालेली नाही. २०११ च्या सुमारास अमेरिकेत हौशी तंत्रज्ञांनी ओपन-ईव्हीएसई प्रकल्प सुरू करून नियंत्रण मंडलाचे आराखडे सर्वांना खुले केले. युरोपात आणि भारतात चालणाऱ्या टाइप-२ प्लगचे स्क्रूने उघडणारे प्रकारही मिळतात. दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल मधेच कापली गेली, तर खराब तुकडा काढून ती आखूड करता येते. मात्र टाइप-२ च्या प्लगमधला रेझिस्टर त्या केबलची क्षमता सांगतो. ६८० ओहम म्हणजे २० अँपिअर, २२० ओहम म्हणजे ३२. बारीक तारेच्या केबलला २२० ओहमचा प्लग बसवला तर गाडी तिच्या कुवतीबाहेरचा प्रवाह ओढेल आणि कुठलीही इशारत मिळणार नाही. म्हणून नवे टोक बसवताना तारेची जाडी आणि रेझिस्टर यांचा मेळ घालावा लागतो. त्यानंतर अर्थिंगची सलगता आणि तारांमधले इन्सुलेशन मोजले जाते, आणि शेवटी परीक्षक-यंत्राने गाडीची नक्कल करून पायलटचा संकेत पाहिला जातो. मधेच जोड देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली केबल या तपासण्यांत उतरली, तरी ती वापरात ठेवता येत नाही. रोजच्या ओढाताणीत तो जोड सैल होतो आणि पाणी आत शिरते.