सराफाची शपथ

परमुलखात पाऊल टाकणाऱ्या यात्रेकरूची पहिली गाठ पडते ती सराफाशी. गाठीला पैसा असूनही तो तेथे निर्धन असतो. कारण त्याच्या पैशाचे मोल दुसराच कोणी ठरवीत असतो. ही परवशता आम्हां ख्रिस्ती वाचकांना शुभवर्तमानातूनच परिचित आहे. जेरुसलेमच्या मंदिराचा वार्षिक कर दरडोई अर्धा शेकेल होता आणि तो सोर नगरीच्या चोख चांदीच्या नाण्यात भरला जाई. त्या नाण्यावर परक्या दैवताचा मुखवटा होता. तरीही चांदीच्या कसापुढे तो खपवून घेतला गेला. पेत्राला माशाच्या तोंडात सापडलेले नाणे दोघांच्या करापुरते होते. दूरदेशीचे यात्रेकरू आपापल्या मुलखाची नाणी घेऊन येत. म्हणून प्रांगणात सराफ बसत व बदलीसाठी बट्टा घेत. प्रभू येशूने त्यांचीच मेजे उलथून टाकली.

मेजे उलथली, तरी सराफाची गरज संपली नाही. मध्ययुगात इंग्लंड-फ्रान्सकडून रोमला जाणाऱ्या वाटेवर इटलीतील लुक्का हे नगर लागे. इ. स. ९९० मध्ये रोमहून परतताना कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक यांनी आपल्या मुक्कामांची यादी करविली; तीत लुक्काचे नाव आहे. तेथील संत मार्टिन कॅथेड्रलमधील लाकडी क्रूसमूर्तीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागे. त्या काळी पश्चिम युरोपात हिशेबाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच होती : १२ दिनारांचा एक सोल्दो, २० सोल्दोंची एक लिरा. परंतु टांकसाळी अनेक होत्या आणि प्रत्येकीच्या दिनारात चांदीचे प्रमाण निराळे होते. नाव एक, मोल वेगळे! तराजू व कसोटीचा दगड सराफाच्या हाती. यात्रेकरूच्या हाती मात्र केवळ विश्वास.

हे ओळखून लुक्काने इ. स. ११११ मध्ये एक असामान्य गोष्ट केली. कॅथेड्रलच्या चौकात व्यवसाय करू इच्छिणाऱ्या सराफांनी आणि मसाल्यांच्या व्यापाऱ्यांनी शपथ घेतली, की चोरी, फसवणूक वा खोटेपणा आम्ही करणार नाही. या चौकात नाही आणि पाहुणे उतरतात त्या घरांतही नाही. ती शपथ कॅथेड्रलच्या दर्शनी मंडपात शिळेवर कोरली गेली. येणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी व निर्धास्त असावे, असेही त्या लेखात म्हटले आहे. तो लेख आजही तेथे आहे.

इ. स. २००२ पूर्वी रोम, लूर्द व फातिमा अशी यात्रा करणाऱ्या आपल्या भाविकांना लिरा, फ्रँक व एस्कुदो अशा नोटा निरनिराळ्या पाकिटांत सांभाळाव्या लागत. प्रत्येक सीमेवर थोडा बट्टा जाई. १ जानेवारी २००२ रोजी १२ देशांत युरोच्या नोटा-नाणी आली आणि १९३६.२७ लिरांचा एक युरो झाला. तरीही पोलंडमधील चेन्स्तोहोव्हाच्या यात्रेकरूला आजही झ्लॉटी लागतो. आता मेजाच्या जागी यंत्र आले आहे. कार्ड पुढे करताच कधी कधी ते विचारते, रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात? ओळखीचा रुपया पाहून आपण हुरळतो. परंतु तो दर बहुधा महाग पडतो. स्थानिक चलन निवडावे, हेच सहसा हिताचे.

ज्या बट्ट्याने नाण्याचे मोल घटते, तोच शब्द मराठीत माणसाच्या नावालाही लागतो. लुक्काच्या सराफांनी हे जाणले होते. बट्टा घेणे हा त्यांचा धंदा होता. नावाला बट्टा लागू न देणे ही त्यांची शपथ होती.